पद्मिनीला डिस्क ब्रेक लावले, पण दर थोड्या दिवसांनी पुढची चाकं जाम: दोष कुठे होता आणि कसा शोधायचा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे की वेगळा ते कळेल. गाडी थंड असताना सगळं छान. पेडल मऊ, ब्रेक लागतो, सुटतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर पेडल हळूहळू वर येतं आणि दगडासारखं होतं. तिसऱ्या गिअरला गाडी ओढेनाशी होते, चालवणाऱ्याला वाटतं कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. मग जळका वास. उतरून बघावं तर पुढच्या चाकांना हात लावता येत नाही. तासभर गाडी सावलीत लावली की आपोआप मोकळी, जणू काही झालंच नाही. गॅरेजला नेईपर्यंत आजार गायब.

माझी गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, चारही चाकांना ड्रम. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशे म्हणून सुरू झालेल्या आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव लावणाऱ्या या गाडीची रचना मुळात पन्नास-साठच्या दशकातल्या रस्त्यांसाठी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, तेव्हाचा वेग, तेव्हाची वर्दळ. ड्रम नीट ठेवले तर त्या वेगाला ते पुरतात. पण आजूबाजूच्या सगळ्या गाड्या एबीएसवाल्या झाल्या की पुढचा ज्या अंतरात थांबतो त्या अंतरात आपण थांबत नाही. खंबाटकीत एकदा ट्रकच्या मागे हे नको तितकं स्पष्ट कळलं, आणि डिस्क बसवायचं ठरलं.

काम असं झालं. पुढचे ड्रम काढले. एका लहान हॅचबॅकच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क प्लेट आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारे ४८ मिलिमीटर पिस्टनचे कॅलिपर घेतले. हबसाठी लेथवर अ‍ॅडॉप्टर बनवला. मूळ चाकं चौदा इंची असल्याने कॅलिपर रिममध्ये बसायला अडचण आली नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ब्रॅकेट करून बसवला. पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा (पुढची आणि मागची लाइन वेगळी), कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून. मागे मूळचेच ड्रम. पहिल्या दिवशी गाडी अशी थांबली की मागच्या सीटवरची पिशवी पुढे आली. आठवडाभर मी सगळ्यांना पाजळत फिरलो. दुसऱ्या रविवारी पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना वाईच्या अलीकडे पुढच्या दोन्ही चाकांतून धूर.

त्यानंतरचे दोन महिने वाया गेले, कारण आम्ही सगळे चाकाकडेच बघत होतो. कॅलिपर जाम आहे म्हणून रबर किट बदललं. पंधरा दिवस बरं. पुन्हा जाम. मग कॅलिपर नवे. पुन्हा तेच. मधे “पॅड जाड आहेत” म्हणून पॅड घासूनही झाले. किट बदलताना दर वेळी ऑइल नवं पडायचं, सिस्टीम उघडली जायची, पेडल नव्याने सेट व्हायचं, म्हणून थोडे दिवस बरं वाटायचं. औषधाने नाही, विश्रांतीने बरा वाटणारा पेशंट.

आधी हे करा: निपल उघडून बघा

आमच्या मिस्त्रीमामांनी शेवटी जी पद्धत काढली ती खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. गाडी जाम झालेली असतानाच तपासायची. थंड झाल्यावर सापडत नाही. म्हणून पान्याचा संच, जॅक, दोन ठोकळे आणि एक रिकामी बाटली डिकीत टाकून आम्ही मुद्दाम घाटात गेलो.

चाक जाम झालं की सपाट जागी थांबा. पाना लावताना हात पोळतो, जाड कापड घ्या. पुढचं चाक जॅकवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, पाव आटा उघडा.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरायला लागलं, तर कॅलिपर निर्दोष आहे. लाइनीत दाब अडकून राहिलाय, तो कॅलिपरला सोडू देत नाही. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर मात्र दोष चाकातच आहे: पिस्टन गंजलाय, सरकपिना सुकल्यात, किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये अडकतोय. एवढ्या एका पाव आट्याने निम्मे प्रश्न निकालात निघतात. आमच्या बाबतीत चिळकांडी बॉनेटपर्यंत उडाली.

आता दाब कुठे अडकलाय ते चाकाकडून मागे मागे जात शोधायचं. गाडी पुन्हा जाम होऊ द्या. या वेळी निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरला बूस्टरशी धरणारे दोन नट एक-दोन मिलिमीटर सैल करा, म्हणजे मास्टर किंचित पुढे सरकेल. चाक सुटलं, तर बूस्टरची दांडी मास्टरच्या पिस्टनला सतत ढकलतेय. नाही सुटलं, तर नट परत आवळा आणि मास्टरच्या तोंडाशी पुढच्या पाइपचा नट सैल करा. इथे सुटलं, तर अडथळा मास्टरच्या आतच आहे. इथेही नाही सुटलं आणि फक्त चाकाच्या निपलला सुटलं, तर मधला रबरी होज आतून सुजून बंद झालाय. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, आत पापुद्रा सुटून झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. जुन्या गाडीत एकाच बाजूचं चाक जाम होत असेल तर माझा पहिला संशय होजवर. दोन्ही जाम होत असतील तर मास्टरकडे चला.

एक इशारा. या चाचण्यांनंतर लाइनीत हवा शिरलेली असू शकते. जिथे उघडलं तिथे आवळा, एअर काढा, पेडल तपासा, मगच गाडी हलवा. घाटात उघडलं आणि तसंच खाली आलो, असं करू नका.

आमच्याकडे दोन चोर निघाले

पहिला चोर मास्टरच्या तोंडाशी बसलेला. ड्रम ब्रेकमध्ये ड्रमला आतून दाबणारे शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात. पेडल सोडल्यावर त्या सगळं ऑइल परत ढकलतात. व्हील सिलिंडरची रबरी वाटी ढिली पडून हवा आत घेऊ नये आणि पुढच्या वेळी पेडल लगेच लागावं, म्हणून बऱ्याच जुन्या ड्रमवाल्या मास्टरमध्ये एक छोटी झडप असते. ती लाइनीत थोडा दाब राखून ठेवते, साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचाला १० पौंड). ड्रमला याचा त्रास नाही, कारण शूच्या स्प्रिंगा त्या दाबाला पुरून उरतात.

डिस्कला स्प्रिंग नसते. कॅलिपरमधला चौकोनी रबर सील थोडा मुरडतो आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतो. बस, एवढंच. आता हिशेब करा. ४८ मिलिमीटर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १८१० चौरस मिलिमीटर. त्यावर १० पीएसआय म्हणजे जवळपास १३ किलोचा जोर, पेडलवर पाय नसतानाही, दोन्ही चाकांवर, दिवसभर. आमचा मास्टर चारही ड्रमच्या गाडीचा होता आणि त्याच्या दोन्ही तोंडांना ही झडप होती. घेताना “दोन सर्किटचा आहे ना” एवढंच विचारलं होतं. चूक आमची.

पुढच्या तोंडाची झडप काढली, मागच्या ड्रमची तशीच ठेवली. एक अपवाद ध्यानात ठेवा. ज्या गाडीत मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली बसवलेला असतो, तिथे ऑइल उताराने मागे येऊ नये म्हणून डिस्कलाही २ पीएसआयची हलकी झडप लावतात. मास्टर वर असेल तर तिची गरज नाही.

झडप काढल्यावर गाडी तीन आठवडे नीट चालली. मी पुन्हा पाजळायला लागलो. मग भर उन्हात साताऱ्याहून येताना परत तोच वास.

दुसरा चोर म्हणजे बूस्टरची दांडी. हा जास्त लबाड, कारण तो गरम झाल्यावरच चोरी करतो. पेडल पूर्ण सोडलं की मास्टरचा पिस्टन मागे येतो आणि टाकी व सिलिंडर यांच्यामधलं एक बारीक छिद्र मोकळं होतं. ब्रेक ऑइल तापून फुगलं की जादा ऑइल याच छिद्रातून टाकीत परत जातं. दांडी अर्धा-एक मिलिमीटर लांब असेल तर पिस्टन पुरता मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलं राहतं. थंड असताना काही जाणवत नाही. गाडी चालली, ऑइल तापलं, फुगलं, जायला वाट नाही. दाब वाढला, पॅड टेकले, त्याने आणखी उष्णता, आणखी दाब. पेडल दगड होतं ते यामुळे. मास्टर एका गाडीचा, बूस्टर दुसऱ्या गाडीचा, ब्रॅकेट आपल्या लेथवाल्याचं; तिघांची गाठ पहिल्यांदाच पडलेली. दांडीचं माप जुळेलच कसं?

छिद्र मोकळं आहे का हे बघायला खर्च नाही. टाकीचं झाकण काढा, चष्मा लावा, ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर फार चुरचुरतं. कुणाला तरी पेडल अगदी हळू, दोन बोटं दाबायला सांगा. पहिल्या क्षणाला ऑइलमध्ये बारीक कारंजं किंवा उकळी आल्यासारखी हालचाल दिसली पाहिजे. काहीच हललं नाही, तर छिद्र आधीपासूनच झाकलेलं आहे.

दांडीचं अंतर मोजायला मामांनी माझ्या मुलीचा खेळायचा क्ले मागितला. दांडीच्या टोकावर वाटाण्याएवढा चिकटवला, मास्टर बसवून नट आवळले, परत काढला. क्ले दांडीच्या टोकावर कागदासारखा पातळ झाला होता. म्हणजे अंतर शून्य. दांडीचा नट फिरवून क्ले साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाड राहील इतकं केलं. फार सैल केलं तर पेडलचा पहिला भाग वाया जातो, म्हणून उगाच जास्त देऊ नका. आणि पेडललाही स्वतःचा थोडा मोकळा चाळा असला पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विच पेडलला दाबून बसवला असेल तरी हाच आजार होतो, तोही बघून घ्या.

“दादा, दोन महिने आपण घर सोडून अंगण झाडत होतो,” मामा म्हणाले.

तिसरा एक चोर आमच्याकडे नव्हता, पण इतर दोन गाड्यांत पाहिला. मास्टरचे भाग पेट्रोल किंवा रॉकेलने धुवायची सवय. ब्रेकचे रबर पेट्रोलियमला टिकत नाहीत, फुगतात. फुगलेली वाटी नेमकी त्या छिद्रावर येऊन बसते आणि वर सांगितलेलं सगळं नाटक नव्याने सुरू होतं. धुवायचं तर ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने. टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल टाकलं असेल तर प्रत्येक रबर बदलण्यावाचून इलाज नाही, होजसकट.

पेडल पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा वर

डिस्क बसवल्यानंतर येणारी दुसरी नेहमीची तक्रार. लोक एअर काढत बसतात, लिटरभर ऑइल जातं, फरक नाही.

आधी कॅलिपरकडे नुसतं बघा. निपल वरच्या बाजूला आहे का? दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवताना डावा-उजवा बदलला तर निपल खाली जातो. हवा वर चढते, निपल खाली, मग ती जन्मात निघायची नाही. हसू नका, हे फार वेळा होतं, कारण अदलाबदल करूनही कॅलिपर बोल्टला व्यवस्थित बसतो.

निपल वर असेल तर मागचे ड्रम. पुढे नवी डिस्क बसवली की मागच्या शूला कुणी विचारत नाही. शू आणि ड्रममध्ये अंतर पडलं की ते भरायला मास्टरचं ऑइल खर्च होतं आणि पेडल खोल जातं. शू अ‍ॅडजस्ट करा, आणि तेही हँडब्रेकची केबल पूर्ण सैल सोडून. केबल ओढून हँडब्रेक “टाइट” करणं म्हणजे शू अ‍ॅडजस्ट करणं नव्हे. उलट केबल ताणलेली असेल तर शू कधीच मूळ जागी परत येत नाहीत.

एवढं करूनही सरळ रस्त्यावर पेडल छान आणि खड्ड्यांच्या रस्त्यानंतर पहिला ब्रेक खोल, दुसरा ठीक, असं असेल तर हवा शोधू नका, बेअरिंग शोधा. पुढच्या हबचं बेअरिंग ढिलं असलं की चाक डुलतं, डिस्क डुलते, आणि ती पिस्टनला आत ढकलून देते. पुढच्या वेळी पिस्टनला तेवढं अंतर परत यावं लागतं. ४८ मिलिमीटरचा पिस्टन एक मिलिमीटर मागे गेला तर एका चाकाला १.८ सीसी ऑइल लागतं, दोन्हींना ३.६. पाऊण इंची मास्टरची एक इंचभर चाल सगळी मिळून सात सीसीच्या आसपास. म्हणजे निम्मं पेडल तिथेच गेलं. ड्रमला हा डुलण्याचा त्रास इतका जाणवत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं ढिलं चाललेलं बेअरिंग डिस्क बसवल्यावरच उघडं पडतं. लेथवरचा अ‍ॅडॉप्टर तिरका असला तरी हेच. डायल गेज (डुलणं मोजणारं घड्याळ) लावून बघा, आणि पायाखाली पेडल थरथरतं का तेही लक्षात घ्या.

मोठा मास्टर लावला की पेडल वर येतं, असा सल्ला मिळेल. खरं आहे, येतं. पण पाऊण इंचावरून सात अष्टमांश इंचावर गेलात तर क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्के वाढतं, आणि तोच दाब मिळवायला पायाचा जोरही तेवढाच जास्त लागतो. बेअरिंग ढिलं ठेवून मास्टर मोठा करणं मला पटत नाही.

पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं

ड्रममधला एक शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कमध्ये ती मिळत नाही. म्हणून बूस्टरशिवाय डिस्क बसवणारे दोन दिवसांत निराश होतात. बूस्टर असूनही पेडल कडक वाटत असेल तर इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातली एकमार्गी झडप, नाहीतर बूस्टरचा पडदा. डिझेलवाल्यांनी लक्षात ठेवावं की त्यांच्या इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, वेगळा पंप लागतो. जुन्या जीपना बूस्टर लावून “काही फरक नाही” म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

बूस्टर लावला की मागच्या ड्रमलाही वाढीव दाब जातो, आणि त्यांना ती फुकटची मदत अजून मिळतेच. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक होतात. पहिल्या पावसात ओल्या डांबरावर याचा अनुभव घेऊ नका. मोकळ्या मैदानावर, माणूस नसलेल्या जागी, कमी वेगात करून बघा आणि बाहेर उभ्या माणसाला कोणती चाकं आधी थांबतात ते सांगायला लावा. मागची थांबत असतील तर मागच्या लाइनीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच. पुढच्या लाइनीत तो कधीही लावू नका.

बाकी किरकोळ, पण महागात जाणारं. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेकदा ज्या बाजूला ओढते ती बाजू बरी असते, दुसरी काम करत नसते. पाइप बंडीचाच (पोलादी) वापरा, तांब्याचा नको, तो थरथरीने चिरतो. पाइपाचं तोंड फुलवण्याचे दोन प्रकार असतात, एकाचं दुसऱ्यात आवळलं तर वर्षभर झिरपत राहतं. मॉरिसच्या वंशातल्या अँबॅसिडरवाल्यांनी इंची आटे आणि मिलिमीटर आटे यांची सरमिसळ होत नाहीये ना ते बघावं. दोन-तीन आटे गोडीत जातात, मग नट कायमचा वाया. कॅलिपरचं ब्रॅकेट जाड पोलादाचं, बोल्टने बसलेलं असावं. स्टबवर वेल्डिंग करणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा, कारण ब्रेकचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर येतो.

ऑइल मी डॉट ४ वापरतो. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावरचा १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणात तर लवकरच, म्हणून दर दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला की बदलतो. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना आडकाठी करतं. म्हणून काम काढण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. गाडीची पन्नाशी जवळ आली असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजचा ‘व्हीए’ क्रमांक घ्यायचा बेत असेल, तर ती मूळ रूपात राखायची असते. मी मूळचे ड्रम, प्लेटा आणि व्हील सिलिंडर ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. आणि ज्यांची गाडी महिन्यातून दोनदा देवळापर्यंत जाते, त्यांनी डिस्कच्या भानगडीत न पडता ड्रम गोल करून घ्यावेत, नवे लायनर, नवे सिलिंडर, नवे होज आणि दोन सर्किटचा मास्टर एवढं करावं. एक पाइप फुटला तरी निम्मा ब्रेक शिल्लक राहतो, ही सुधारणा मला डिस्कपेक्षा मोठी वाटते.

दांडी सेट करून आता आठ महिने झाले. पसरणी चार वेळा उतरलो, एकदा मुद्दाम दुपारी, दर वेळी दुसऱ्या गिअरमध्ये. खाली वाईत थांबून पुढचं चाक जॅकवर घेतो आणि हाताने फिरवतो, फिरतं. डावा पॅड मात्र दमट सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला शिट्टी मारतो. पॅडच्या पाठीला ग्रीस लावून झालं, कडा घासून झाल्या, अजून मारतोच. पुढच्या रविवारी मामा पाठीला शिम (पातळ पत्रा) घालून बघणार आहेत.